आबांचं पानदान आणि बीदरची माती

आमच्या डोंगरकड्याच्या घरात एक पानदान आहे. ओंजळीत मावेल एवढा गोल डबा, झाकणावर चांदीच्या फुलांची वेल. आबा निजामाच्या काळात कळमनुरीच्या कचेरीत कारकून होते. तेव्हा कुणीतरी त्यांना ते भेट दिलं होतं. त्यांच्या हयातीत ते काळंभोर होतं. आबा गेले आणि पानदान बैठकीतून स्वयंपाकघरातल्या फळीवर आलं. आई दर दिवाळीला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर तेही चिंच आणि राखेनं घासायची. काळं म्हणजे मळलेलं, ही तिची सरळ समजूत. वीस-पंचवीस दिवाळ्यांत काळा रंग उडाला, खालचा करडा धातू उघडा पडला आणि करड्यावर चांदीची फुलं दिसेनाशी झाली.

चांदी जागेवरच होती. तिला उठाव देणारं काळं तेवढं गेलं होतं, हे आईच्या माघारी माझ्या लक्षात आलं. ते काळं परत चढवता येतं आणि त्यासाठी बीदर गाठावं लागतं, असं कळल्यावर यंदा जानेवारीत, हळदीच्या काढणीला अवकाश होता तेव्हा, पानदान जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून निघालो. नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मध्ययुग म्हटलं की मुलांच्या वहीत लढाया आणि सनावळ्या उतरत. त्याच काळात एका धर्माच्या माणसांनी दुसऱ्या धर्माच्या माणसांसाठी काय काय घडवलं, तो धडा माझ्याकडून राहून गेला होता. हा प्रवास त्या राहिलेल्या धड्यासाठीही होता.

डोंगरकड्याहून नांदेडच्या दिशेनं निघालं की अर्धापूरपर्यंत केळीच्या बागा सोबत करतात. इसापूर धरणाचं पाणी आलं आणि ही काळी कसदार जमीन बारमाही हिरवी झाली. नांदेडला गाडी बदलली, गोदावरी ओलांडली. नायगाव, नरसी, देगलूर. देगलूरनंतर पाट्यांवरची लिपी कन्नड होते, पण औरादच्या हॉटेलात चहा मराठीतच मागितला आणि मराठीतच मिळाला. आमचा मराठवाडा आणि हा बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आबांच्या पिढीला बीदर परमुलूख वाटत नसे. मांजरा ओलांडून गाडी चढाला लागते तशी आपली काळी माती मागे राहते आणि लाल माती सुरू होते. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलं आहे. वर येताच हवेत गारवा जाणवतो.

जुन्या शहराच्या मधोमध चौबारा नावाचा गोल बुरूज उभा आहे. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून छिन्नी-हातोडीची टकटक ऐकू येते. अशाच एका कारखान्यात शिरलो. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, चार कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेले. त्यांतल्या वयोवृद्ध चाचांनी पानदान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, अंगठ्यानं झाकण चाचपलं. "चांदी पूरी है," ते म्हणाले. "रंग गया सो आ जाता. कल शाम को आव."

मी तिथंच बसून काम पाहू लागलो. जस्तात थोडं तांबं मिसळून बिदरीचा धातू करतात; सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं, हे प्रमाण साधारण सांगितलं जातं. मातीच्या साच्यात ओतलेलं भांडं कानशीनं गुळगुळीत करायचं. मग त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि टोकदार सळईनं काढलेली रेघ त्यावर स्पष्ट दिसते. रेघेवरून छिन्नी चालवून बारीक खाच पाडायची आणि तिच्यात चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा ठोकून बसवायचा. तारेचं काम ते तारकशी, खोल जडवलेल्या पत्र्याचं ते तहनिशां. बसवलेली चांदी पुन्हा घासून धातूशी एकसपाट करतात. त्या घडीला सगळं भांडं एकाच रुपेरी रंगाचं दिसतं आणि नक्षी जणू पुसली जाते. शेवटची करामत मातीची, पण ती मला दुसऱ्या दिवशी पाहायला मिळायची होती.

ही विद्या आली कुठून? बीदरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की बहमनी सुलतानांच्या काळात इराणातून अब्दुल्ला बिन कैसर नावाचा उस्ताद आला आणि त्यानं ती इथं रुजवली. ही परंपरेची गोष्ट आहे. धातूत चांदी जडवण्याच्या पद्धतीचं मोठं घराणं मात्र पश्चिम आशियातलं, याला भक्कम पुरावा आहे. तेराव्या शतकात आजच्या इराकमधलं मोसूल शहर या कामासाठी गाजलेलं होतं. तिथल्या शुजा इब्न मना या कारागिरानं १२३२ साली घडवलेली चांदी-तांबं जडवलेली पितळी सुरई आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात मोसूलचे कारागीर दमास्कस आणि कैरोकडे पांगले. गाव सुटलं, हातातली कला सुटली नाही.

याच घराण्यातली एक वस्तू वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. बसक्या आकाराचा मोठा पितळी जलकुंभ, तेराव्या शतकातला. मुस्लिम राजवटीतल्या हातांनी, मुस्लिम दरबारात चालणाऱ्या पद्धतीनं तो घडवलेला. आणि त्याच्या मधोमध चांदीत कोण आहे? मांडीवर बाळ येशूला घेतलेली मेरी. भोवती येशूचा जन्म, मंदिरात त्याला घेऊन जाणं, जेरुसलेमचा प्रवेश असे प्रसंग, आणि त्यांच्या जोडीला अरबी लिपीत मालकाला दिलेल्या शुभेच्छा. तो काळ धर्मयुद्धांचा. ख्रिस्ती फौजा सीरियाच्या किनाऱ्यावर किल्ले धरून बसल्या होत्या. एकीकडे वेढे पडत होते आणि दुसरीकडे कुणी कारागीर दुसऱ्या धर्माची कथा इतक्या निगुतीनं चांदीत बसवत होता.

पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातलं एक घंगाळ याहून पुढचा प्रवास करून गेलं आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मामलुक राज्यातल्या मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिरानं ते घडवलं. त्याचा स्वतःवर इतका विश्वास की त्यानं भांड्यावर सहा ठिकाणी आपलं नाव कोरलं. हे घंगाळ फ्रान्सच्या राजघराण्याकडे पोहोचलं आणि १६०६ साली तेराव्या लुईच्या बाप्तिस्म्यासाठी वापरलं गेलं. त्याचं रूढ नावच 'संत लुईचं बाप्तिस्मापात्र' असं पडलं. मुहम्मदाच्या सहा सह्या असलेल्या भांड्यातल्या पाण्यानं फ्रान्सच्या ख्रिस्ती राजपुत्राचा धर्मसंस्कार व्हावा आणि त्यात कुणाला विटाळ वाटू नये, हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या रस्त्यानं जाताना महमूद गवानचा मदरसा येतो. महमूद गवान मूळचा इराणच्या गिलान प्रांतातला. व्यापारासाठी आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्यानं हा तीन मजली मदरसा बांधला. दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या रंगीत कौलांची नक्षी होती: निळी, हिरवी, पिवळी, पांढरी. १६९६ च्या सुमारास दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग आणि एक मनोरा कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर अजून कौलांचे पट्टे चिकटून आहेत. सकाळच्या उन्हात मी त्याखाली उभा राहिलो. जांभ्याच्या लाल गावात तो निळा रंग वेगळा उठून दिसतो.

याच गवाननं बीदरहून तुर्कस्तानच्या दुसऱ्या मेहमेद सुलतानाला पत्रं लिहिली होती. त्याच्या फारसी पत्रांचा संग्रह 'रियाझ-उल-इन्शा' या नावानं टिकून आहे. मेहमेद म्हणजे १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकून हजार वर्षांचं ख्रिस्ती साम्राज्य संपवणारा सुलतान. त्याच मेहमेदनं पुढे व्हेनिसकडे चांगला चित्रकार मागितला. व्हेनिसनं १४७९ मध्ये आपला नामवंत चित्रकार जेंतिले बेल्लिनी पाठवला. त्यानं काढलेल्या, १४८० सालच्या मेहमेदच्या चित्रात सुलतान कमानीच्या चौकटीत बसला आहे, समोर रत्नजडित वस्त्र पसरलेलं आहे, चेहऱ्यावर थकवा आहे. माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवण्याची व्हेनिसची विद्या सुलतानाला हवी होती. व्हेनिसच्या श्रीमंतांनाही त्याच सुमारास पूर्वेकडची जडावाची भांडी हवी होती. महमूद अल-कुर्दी नावाच्या उस्तादाची चांदीजडित भांडी इटलीत पोहोचत होती आणि एका भांड्यावर त्यानं आपलं नाव अरबी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत घातलं आहे. गिऱ्हाईकाला आपलं नाव वाचता यावं, एवढी साधी गरज त्यामागे असणार.

५ एप्रिल १४८१ रोजी खोट्या पत्राच्या कारस्थानात अडकवून गवानचा शिरच्छेद झाला. ३ मे १४८१ रोजी मेहमेद वारला. पत्र लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघेही एका महिन्याच्या आत गेले. मदरशाच्या रिकाम्या खोल्यांतून फिरताना हे मनातून जात नव्हतं.

किल्ल्यात शिरताना शर्जा दरवाजावर कोरलेले दोन वाघ लागतात. खंदक तिहेरी आहे आणि खडकात खोदलेला आहे. आत तख्त महालाच्या उंच कमानीवर कौलांत वाघ आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य ही जोडी दिसते. इथं मला एका परदेशी पाहुण्याची आठवण झाली. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा ख्रिस्ती व्यापारी. व्होल्गावर लुटारूंनी त्याला लुटलं, त्यात त्याच्या धर्माच्या पोथ्याही गेल्या. परत जाण्याची सोय राहिली नाही म्हणून तो पुढे निघाला. इराण ओलांडून होर्मुझहून जहाजात एक घोडा घेऊन बसला आणि १४७० च्या आसपास आपल्या कोकणात, चौलला उतरला. तिथून जुन्नर, जुन्नरहून बीदर.

जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडा ताब्यात घेतला आणि सांगितलं, आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. निकितिनला चार दिवसांची मुदत मिळाली. शेवटी त्याची सुटका कुणी केली? खोरासानच्या ख्वाजा मुहम्मद या मुसलमान गृहस्थानं. त्यानं खानाकडे रदबदली करून घोडाही सोडवला आणि निकितिनचा धर्मही. देवाणघेवाणीच्या गोष्टी सांगताना हा प्रसंग वगळला तर ती गोष्ट खोटी होईल. घोडा हिसकावणारा आणि घोडा परत आणून देणारा, दोघेही त्याच गावात होते.

बीदरच्या राजवाड्याविषयी निकितिन लिहितो की त्याला सात दरवाजे आहेत, दरवाजांवर पहारेकरी आणि लेखनिक बसलेले असून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतात, आणि आतलं सगळं कोरलेलं, सोन्यानं मढवलेलं आहे, अगदी शेवटच्या दगडापर्यंत. पुढे हिंदू यात्रेकरूंबरोबर तो श्रीशैलला गेला. तिथली भव्य मूर्ती समजावून सांगायला त्याला उपमा सुचली ती कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याची: तसाच उंचावून पुढे धरलेला उजवा हात. नवी कला डोळ्यांना अशीच कळते. आधी पाहिलेल्या, ऐकलेल्या रूपाचा हात धरून आपण नव्या रूपापाशी जातो.

बीदरला चार महिने काढताना त्यानं हिंदूंना आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी आपलं जेवणखाण, व्यवहार, पूजा यांतलं काही त्याच्यापासून लपवलं नाही, असं तो नोंदवतो. पोथ्या लुटल्या गेल्यामुळे त्याला आपल्या सणांच्या तिथी काढता येत नव्हत्या. म्हणून मुसलमानांच्या उपासांबरोबर तो आपले उपास धरू लागला. त्याचं प्रवासवर्णन रशियन भाषेत आहे, पण मधून मधून तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात आणि शेवटची प्रार्थना त्या भाषांतच आहे. ख्रिस्ती मनाची प्रार्थना मुसलमानी शब्दांत! तो घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वारला. वही मात्र पोहोचली.

रंगीन महालाचं कुलूप पुरातत्त्व खात्याच्या रखवालदारानं उघडून दिलं. सोळाव्या शतकात अली बरीदच्या काळात सजवलेल्या या दालनात काळ्या बसाल्टमध्ये शिंपले जडवले आहेत. पापण्यांएवढ्या बारीक पाकळ्या, काळ्यावर पांढऱ्या झळकतात. हे तर दगडातलं बिदरी! रखवालदारानं विजेरी तिरकी धरली तसे शिंपले गुलाबी-हिरवे झाले. चाचांच्या खोलीत चांदीनं जे केलं होतं, तेच इथं समुद्रातल्या शिंपल्यानं केलं होतं.

दुपारी अष्टूरला गेलो. शहरापासून तीनेक किलोमीटरवर बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणणाऱ्या अहमदशहाच्या घुमटात आतून शेंदरी, निळा, सोनेरी रंग अजून टिकून आहे. भिंतीभर अक्षरं आहेत. त्याच्या उरुसाला लिंगायत आणि मुसलमान दोघेही येतात. मला अरबी-फारसी वाचता येत नाही. म्हणून ती अक्षरं माझ्यासाठी वेली होत्या, गाठी होत्या, लय होती.

इटलीतल्या चित्रकारांचंही असंच झालं असणार. जेंतिले दा फाब्रियानो या चित्रकाराचं १४२३ सालचं, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचं प्रसिद्ध चित्र फ्लॉरेन्सला आहे. त्यात मेरीच्या डोक्यामागच्या प्रभावळीत अरबीसारखी दिसणारी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ लागत नाही, कारण चित्रकारानं ती वाचली नव्हती, पाहिली होती. पूर्वेकडून येणाऱ्या रेशमावर, भांड्यांवर जे मोलाचं दिसलं ते त्यानं मेरीच्या माथ्यामागे मांडलं. त्याच्या आधीच्या वर्षी, १४२२ मध्ये, अहमदशहा बहमनी गादीवर आला होता. सिसिलीत तर याआधी तीनशे वर्षं नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी पालेर्मोच्या कारखान्यात लाल रेशमी झगा शिवला गेला. त्यावर सिंहानं उंट लोळवला आहे आणि काठाला अरबी लेख भरला आहे, हिजरी सन ५२८ सह. पुढे युरोपातले ख्रिस्ती सम्राट राज्याभिषेकाला तो अंगावर घेत आले. आज तो व्हिएन्नात आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यात पोहोचलो तेव्हा चाचा माझीच वाट पाहत होते. "तुम्हारे सामनेच करता," ते म्हणाले. कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी मूठभर माती काढली. बीदरच्या किल्ल्यातली, जिथं पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस पोहोचलेला नाही अशा जागेतली. चिमूटभर जिभेवर ठेवली, चव घेतली, मान डोलावली. माती कामाची आहे की नाही हे ते जिभेवर ठरवतात. ती नवसागराबरोबर पाण्यात उकळली. पानदान हलकं तापवून त्या पाण्यात सोडलं. काही क्षण गेले. बाहेर काढून धुतलं, फडक्यानं पुसलं.

डबा काळाशार झाला होता. आबांच्या वेळी होता तसा. चांदीवर मात्र मातीचा काहीच अंमल चालला नव्हता. वेलीची एकेक पाकळी, एकेक देठ जिथल्या तिथं उमलून आलं होतं. मला काही बोलता येईना. चाचांनी बोटानं तेल लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "घासना नक्को. साल में एक बार तेल लगाव, बस."

जडवण्याची रीत पश्चिमेकडची. जस्त काढण्याची विद्या आपल्याकडची. राजस्थानातल्या जावरच्या खाणींत मध्ययुगात जस्त गाळलं जात होतं, तेव्हा युरोपला ते जमत नव्हतं. आणि रंग या एका किल्ल्याच्या मातीचा. यातलं एक काढून घेतलं तर बिदरी उरत नाही. बीदरच्याच शाह रशीद अहमद कादरी या कारागिरांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे चाचांनी अभिमानानं सांगितलं. त्यांच्या खोलीतला सगळ्यात तरुण कारागीर पन्नाशीचा होता, हे मी स्वतः पाहिलं. मोसूल उद्ध्वस्त झालं तरी तिथल्या कारागिरांचे हात दुसऱ्या शहरांत कामाला लागले. इथं शहर शाबूत आहे, मातीही आहे, शिकायला बसणारी पोरं कमी आहेत. आपल्या घरातलं एखादं जुनं बिदरी भांडं काळवंडलेलं समजून कुणी मोडीत घालू नये, नवं घेताना कारागिराच्या हातून घ्यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

डोंगरकड्याला परतलो तेव्हा रात्र झाली होती. नातीनं धोतराचा तुकडा सोडला आणि विचारलं, "आजोबा, हे फूल कुणी केलं?" बीदरचं नाव तोंडावर आलं होतं. पण मग मोसूल आठवलं, त्वेरचा तो घोडेवाला आठवला, सहा सह्या करणारा मुहम्मद आठवला. मी तिला जवळ बसवलं आणि तेलाची वाटी पुढे केली. तिनं बोट बुडवून झाकणावरून फिरवलं. दिव्याच्या उजेडात काळं अधिक काळं झालं आणि फुलं एकेक करून वर आली. "सांगतो," मी म्हणालो, "पण गोष्ट लांबची आहे."